पायांना प्रवेश, तोंडाला बंदी

महाविद्यालयात खेळणाऱ्या दलित विद्यार्थ्याला दोन उपदेश हमखास ऐकावे लागतात. पहिला मैदानावर: 'तू खेळाडू आहेस, राजकारणात पडू नकोस.' दुसरा वसतिगृहात: 'समाज जळतो आहे आणि तू पळतो आहेस?' हे दोन उपदेशक एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. पण एका बाबतीत त्यांचे एकमत असते. खेळ एकीकडे, विद्यार्थ्यांचे नेतृत्व आणि समाजाचे काम दुसरीकडे, आणि माणसाने ह्या दोहोंतून एक निवडावे, असे दोघेही धरून चालतात. त्यातल्या त्यात उदार वृत्तीचा कोणी भेटला तर तो 'समतोल साधा' म्हणतो. म्हणजे पहाटे धावा, दुपारी वर्गात बसा, संध्याकाळी मोर्चाला जा आणि रात्री अभ्यास करा. दिवसाचे तास चोवीसच आहेत आणि खानावळीतल्या भाकरीही मोजक्याच आहेत, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

मी स्वतः विद्यार्थी असताना आठशे मीटर धावत होतो. ते नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी मला एकदा सरळ सांगितले होते, 'मोर्चात दिसलास तर संघातून नाव कापीन.' त्याच आठवड्यात वसतिगृहातल्या एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने विचारले, 'पळून काय क्रांती होणार आहे, रे?' पुढे तीसेक वर्षे मी महाविद्यालयात शिकवले. तेवढ्या काळात हेच दोन उपदेश मी कितीतरी मुलांच्या आणि मुलींच्या वाट्याला आलेले पाहिले. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा इतिहास तपासावा असे वाटले. इतिहास आपला नाही, दूरच्या देशाचा आहे. पण तो आपल्याला परका नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. ब्लॅक पँथर ही संघटना १९६६च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्या दोन तरुणांनी काढली. दोघेही तेथल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी. ओकलंडपासून चाळीसएक मैलांवर सॅन होजे नावाचे शहर आहे. तेथल्या सॅन होजे स्टेट महाविद्यालयाचे दोन धावपटू १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावून उभे राहिले. ते छायाचित्र आपल्याकडेही पोचले, भिंतींवर लागले, भाषणांत आले. आपण मुठी पाहिल्या. त्या मुठींमागचे महाविद्यालय मात्र आपण फारसे पाहिले नाही.

त्या महाविद्यालयाकडे वळण्याआधी आणखी पन्नास वर्षे मागे जाऊन एक माणूस पाहिला पाहिजे. 'समतोल' ह्या शब्दाचा मूर्तिमंत आदर्श म्हणून कोणालाही दाखवावा असा तो माणूस होता. त्याचे नाव पॉल रोबसन. पुढे गायक आणि नट म्हणून जगभर गाजलेला रोबसन १९१५ साली न्यू जर्सीमधील रटगर्स महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाला. संस्थेच्या इतिहासातला तो तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी. पहिल्या सरावात त्याच्याच संघातल्या गोऱ्या मुलांनी त्याला तुडवून काढले. तरी तो टिकला. फुटबॉलमध्ये १९१७ आणि १९१८ साली देशातील सर्वोत्तम खेळाडूंत त्याची निवड झाली, वक्तृत्वाची बक्षिसे त्याने मिळवली, आणि १९१९ साली पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मानही त्यालाच मिळाला. खेळ, अभ्यास, वक्तृत्व, सगळे तोलून धरलेला हा विद्यार्थी. परंतु १९१६ साली दक्षिणेकडील एका महाविद्यालयाने कृष्णवर्णीयाबरोबर खेळणार नाही असे कळवताच त्याच्या संस्थेने त्याला त्या सामन्यापुरते बाहेर बसवले. पुढे तो कामगारांच्या आणि आपल्या समाजाच्या बाजूने बोलू लागला तेव्हा सरकारने १९५० साली त्याचे पारपत्र काढून घेतले. ते १९५८ साली परत मिळाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानमंदिरात त्याचे नाव लागायला १९९५ साल उजाडले. तेव्हा त्याला जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.

रोबसनचा समतोल कोठे कमी पडला? माझ्या मते कोठेच नाही. ज्या व्यवस्थेने त्याला आत घेतले तिने पायांना आणि दंडांना प्रवेश दिला होता. तोंडाला दिला नव्हता. तोंड उघडताच आधीचा सगळा समतोल रद्द झाला. हीच गोष्ट पुढच्या काळात अधिक स्पष्ट दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळ हा मोठा व्यवसाय बनला. हजारो प्रेक्षक, तिकिटे, दूरचित्रवाणी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. जिंकायचे तर चांगले खेळाडू हवेत, म्हणून गोऱ्यांच्या महाविद्यालयांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली. ह्या शिष्यवृत्तीत तेव्हा शिक्षणशुल्क, राहणे आणि जेवण एवढे भागत असे. बदल्यात चार हंगाम खेळायचे. प्रशिक्षकाची मर्जी फिरली की शिष्यवृत्ती धोक्यात येत असे. १९७३ साली तर राष्ट्रीय क्रीडा मंडळाने ह्या शिष्यवृत्त्या एकेका वर्षाच्या केल्या आणि खेळाडूची मान दरवर्षी नव्याने प्रशिक्षकाच्या हातात दिली. शेतात सालगड्याचा करार जसा पाडव्याला नवा होतो, तसाच हा प्रकार.

सॅन होजे स्टेटमध्ये हजारो विद्यार्थी होते. कृष्णवर्णीय अगदी थोडे, आणि त्यांतले बहुतेक खेळाच्या जोरावर आलेले. त्यांपैकी एक टॉमी स्मिथ. १९४४ साली टेक्सासमध्ये जन्मलेला, बारा भावंडांतला सातवा. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारा. कुटुंब कामासाठी कॅलिफोर्नियात आले तेव्हा मुलांनीही शेतांत कापूस वेचला. दुसरा जॉन कार्लोस, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या चांभाराचा मुलगा. तो आधी टेक्सासमधील एका महाविद्यालयात गेला होता. तेथला वर्णद्वेष सहन न होऊन सॅन होजेला आला. तिसरा ली इव्हान्स, चारशे मीटरचा धावपटू. बड विंटर ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या ह्या वेगवान धावपटूंमुळे सॅन होजेला 'वेगाचे शहर' असे नाव पडले होते. पण त्याच शहरात ह्या मुलांना भाड्याने खोली मिळत नव्हती. घरमालक फोनवर 'खोली रिकामी आहे' म्हणे आणि मुलगा दारात उभा राहिला की 'आत्ताच दिली' म्हणे. हा अनुभव वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. औरंगाबादेत, पुण्यात, नागपुरात आडनाव सांगताच खोली 'आत्ताच दिली' जाते, हे आपल्यातल्या बहुतेकांनी भोगलेले आहे.

१९६५च्या मार्चमध्ये अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याच्या निषेधार्थ सॅन होजेच्या विद्यार्थ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे साठ मैलांची पदयात्रा काढली. टॉमी स्मिथ त्या दिवशी शर्यत धावला आणि धावून झाल्यावर त्या पदयात्रेत सामील झाला. पायांना विश्रांती हवी होती. त्याने त्यांना आणखी चालायला लावले. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा वेडेपणाच म्हणायचा. पण येथून एक नवे भान सुरू होते. जे पाय महाविद्यालयाने विकत घेतले असे तो समजत होता ते आपले स्वतःचे आहेत, हे ह्या मुलाला कळले.

ह्या भानाला संघटनेचे रूप देणारा माणूस हॅरी एडवर्ड्स. तो ह्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. बास्केटबॉल खेळलेला, थाळीफेक केलेला. १९६४ साली पदवी घेतल्यावर त्याने व्यावसायिक फुटबॉलची वाट सोडली आणि कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेला. परत येऊन तो सॅन होजेत शिकवू लागला. आपण विद्यार्थी असताना ज्या तक्रारी होत्या त्या जशाच्या तशा उभ्या आहेत, हे त्याने पाहिले. १९६७च्या सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होताच त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सभा घेतली. मागण्या ठोस होत्या: राहण्याच्या जागांतील भेदभाव थांबवा, कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवणाऱ्या विद्यार्थी मंडळांना आवरा, खेळाडूंना माणसासारखे वागवा. मागण्या मान्य न झाल्यास हंगामाचा पहिला फुटबॉल सामना होऊ देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

येथे त्यांचे गणित ध्यानात घेतले पाहिजे. हजारो विद्यार्थ्यांत मूठभर मुले. मतदान झाले असते तर त्यांची अनामतही राहिली नसती. पण मैदान त्यांच्यावाचून भरत नव्हते. जेथे संख्या कमी होती तेथे त्यांनी आपली गरज कोठे जास्त आहे हे शोधले आणि नेमके तेथेच बोट ठेवले. प्राचार्य रॉबर्ट क्लार्क यांनी उघड सुनावणी घेतली, तक्रारींत तथ्य आहे हे ओळखले आणि एल पासोच्या संघाविरुद्धचा तो सामना रद्द केला. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन फार संतापले. पुढे हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले.

हा विजय लहान होता. त्यातून निघालेला विचार मोठा होता. एका महाविद्यालयाचा एक सामना थांबतो, तर ऑलिंपिकचे काय? १९६७च्या ऑक्टोबरमध्ये 'ऑलिंपिक मानवी हक्क प्रकल्प' ह्या नावाने संघटना उभी राहिली. तिच्या मागण्या पाहिल्या म्हणजे ह्या मुलांची नजर कोठवर गेली होती ते कळते. वर्णभेदी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांना ऑलिंपिकमध्ये घेऊ नये. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला म्हणून महंमद अलीचे हिरावलेले विजेतेपद परत द्यावे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांना दूर करावे. कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमावेत. कृष्णवर्णीयांना सभासदत्व न देणाऱ्या न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लबने आपले दार उघडावे. मागण्या मान्य न झाल्यास मेक्सिकोला जायचे नाही, असा विचार पुढे आला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी ह्या खेळाडूंना पाठिंबा दिला.

१९६८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लबच्या शतकमहोत्सवी स्पर्धेवर बहिष्कार पडला आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी झाला. एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेला दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले; त्यासाठी आफ्रिकेतील देशांनीही बहिष्काराची तयारी ठेवली होती. त्याच एप्रिलच्या ४ तारखेला किंग यांची हत्या झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाच्या नऊ कृष्णवर्णीय धावपटूंनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध खेळण्यास नकार दिला. ते विद्यापीठ ज्या धर्मपंथाचे होते तो कृष्णवर्णीयांना धर्माधिकाराचे पद देत नव्हता. नऊही जणांना संघातून काढले गेले. त्यांत बॉब बीमन होता. ज्याला महाविद्यालयाने दार दाखवले त्याच बीमनने सहा महिन्यांनी मेक्सिकोत ८.९० मीटर लांब उडी मारली. तो विक्रम १९९१पर्यंत टिकला.

लॉस एंजेलिसच्या महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणारा, पुढे करीम अब्दुल जब्बार ह्या नावाने विख्यात झालेला विद्यार्थी तर ऑलिंपिकच्या निवड चाचणीलाच गेला नाही. १९६८चा उन्हाळा त्याने न्यूयॉर्कच्या वस्त्यांतील मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात घालवला. समाजकार्य ह्याला म्हणायचे. त्याचा खेळ त्यासाठी थांबला नाही. तो फक्त वस्तीत गेला.

संपूर्ण बहिष्कारावर मात्र एकमत होऊ शकले नाही. काहींना ही आयुष्यातली एकच संधी होती. काहींना घरच्यांचा संसार पाहायचा होता. काहींना वाटले की जिंकूनच जास्त बोलता येईल. शेवटी प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे निषेध करावा असे ठरले. ह्या निर्णयाला कोणी कचखाऊ म्हणेल. मला तसे वाटत नाही. चळवळीने खेळाडूला वेठीस धरायचे नसते. पण ह्याच निर्णयामुळे पुढची किंमत ज्याची त्याला एकट्याने मोजावी लागली, हेही तितकेच खरे.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी टॉमी स्मिथने दोनशे मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन दुसरा, कार्लोस तिसरा. व्यासपीठावर स्मिथ आणि कार्लोस बूट काढून काळ्या मोज्यांनी उभे राहिले; ते आपल्या माणसांच्या दारिद्र्याचे चिन्ह होते. हातमोज्यांचा एकच जोड होता, म्हणून उजवा स्मिथच्या हातात आणि डावा कार्लोसच्या हातात. नॉर्मनने छातीवर त्याच संघटनेचा बिल्ला लावला. तो बिल्ला त्याला दिला हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातील पॉल हॉफमन ह्या गोऱ्या विद्यार्थ्याने. हार्वर्डच्या त्या संघातल्या मुलांनी ह्या लढ्याला उघड पाठिंबा दिला होता.

ह्या प्रसंगाबद्दल आपल्या भाषणांतून दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या जातात. त्यांची पदके काढून घेतली असे म्हणतात. तसे झाले नाही. त्यांना संघातून निलंबित करून ऑलिंपिक ग्रामातून बाहेर काढले, पदके त्यांच्याकडेच राहिली. दुसरे, ते ब्लॅक पँथरचे सभासद होते असे म्हणतात. तेही खरे नाही. ती कृती महाविद्यालयीन खेळाडूंच्या स्वतंत्र संघटनेतून आली होती. हा फरक किरकोळ नाही. पुढाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वापरले, असा अर्थ त्यामुळे राहत नाही. त्या मुलांनी वर्षभर सभा घेतल्या, मागण्या लिहिल्या, आपसांत भांडले आणि निर्णय घेतले. दोन मुठी वर गेल्या त्या काही सेकंदांमागे हे एक वर्ष होते.

ह्या चळवळीची एक उणीव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिने आपल्या बायकांना विचारले नाही. वायोमिया टायस ही टेनेसी स्टेट महाविद्यालयाची धावपटू. १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकणारी जगातली पहिली व्यक्ती. बहिष्काराच्या बैठकांत कृष्णवर्णीय स्त्री खेळाडूंना कोणी बोलावले नव्हते, हे तिने पुढे स्पष्ट सांगितले. तरी मेक्सिकोत रिले शर्यत जिंकल्यावर तिने आणि तिच्या सहकारी मुलींनी आपले पदक स्मिथ आणि कार्लोस यांना अर्पण केले. जिला बैठकीत जागा नव्हती तिने एकजुटीत आपली जागा स्वतः घेतली. आपल्या चळवळीच्या इतिहासात ही ओळ कोठे कोठे लागू पडते ते वाचकांनीच पाहावे.

टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे महाविद्यालय होते, आणि म्हणून तेथली रीत निराळी होती. प्रशिक्षक एड टेंपल हे समाजशास्त्रही शिकवत. मुली महाविद्यालयातच रोज काही तास काम करून शिकत. पदवी पुरी केलीच पाहिजे, हा टेंपल यांचा दंडक. त्यांच्या हाताखालच्या चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या आणि जवळजवळ सर्वजणी पदवीधर झाल्या. विल्मा रुडॉल्फ त्यांचीच विद्यार्थिनी. १९६० साली रोममध्ये तीन सुवर्णपदके जिंकून ती परत आली तेव्हा तिच्या गावाने मिरवणुकीचा घाट घातला. गोरे आणि काळे वेगवेगळे बसणार असतील तर मी येणार नाही, असे तिने कळवले. त्या गावातला पहिला एकत्र समारंभ तिच्यासाठी झाला. १९६३ साली त्याच गावातील एका उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या निदर्शनांतही ती उभी राहिली. तिच्या पाठीशी तिचे महाविद्यालय होते. पदवी हातात होती. त्या आधारावर तिचे पाय जमिनीवर राहिले.

स्मिथ आणि कार्लोस यांच्या मागे असा आधार नव्हता. घरी धमक्यांची पत्रे आणि फोन. नोकऱ्या मिळेनात, मिळालेल्या टिकेनात. ह्या ताणाने दोघांचीही घरे मोडली. स्मिथने १९६९ साली पदवी मात्र पुरी केली, आणि ती पदवीच अखेर कामी आली. पुढे तो महाविद्यालयात प्रशिक्षक आणि समाजशास्त्राचा शिक्षक झाला. कार्लोस मिळेल ते काम करत राहिला आणि १९८०च्या दशकात एका शाळेत विद्यार्थ्यांचा समुपदेशक म्हणून स्थिरावला. एडवर्ड्सला बर्कलेच्या विद्यापीठाने १९७७ साली कायम प्राध्यापकपद नाकारले. विद्यार्थी आणि इतरांनी आवाज उठवल्यावर ते द्यावे लागले. प्राचार्य क्लार्क यांनी मात्र मेक्सिकोहून परतणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची बाजू जाहीरपणे घेतली होती, हेही नोंदले पाहिजे.

२००५ साली सॅन होजेच्या आवारात ह्या दोघांचा भव्य पुतळा उभा राहिला. त्यासाठी पुढाकार घेतला तो तेथल्या विद्यार्थी परिषदेतील एका विद्यार्थ्याने. दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे. नॉर्मननेच तसे सुचवले. येणाऱ्याने तेथे उभे राहून पाहावे. पुढच्या वर्षी नॉर्मन वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी मेलबर्नला जाऊन त्याला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१२ साली त्याची माफी मागितली. पुतळे आणि माफीनामे येतात. पण ज्या महिन्यात घरभाडे थकलेले असते त्या महिन्यात ते येत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. खेळाडूंचा बहिष्कार ही कल्पना आपण अमेरिकेकडून उसनी घेतलेली नाही. पुण्यात खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांना गोलंदाजी करणारे, चांभार समाजात जन्मलेले पालवणकर बाळू हे त्या काळचे भारतातील श्रेष्ठ गोलंदाज. मैदानावर त्यांचा चेंडू चाले. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली ह्याच कप्तानपदाच्या प्रश्नावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. सॅन होजेच्या सत्तेचाळीस वर्षे आधी, आपल्याच मातीत, 'आमच्यावाचून खेळून दाखवा' हे वाक्य कृतीने बोलले गेले होते.

पण बाळूंच्या चरित्राला दुसरी बाजूही आहे. १९३७च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. तरुण बाबासाहेबांना ज्यांच्या खेळाचा अभिमान होता त्याच माणसाची कीर्ती प्रस्थापितांनी बाबासाहेबांसमोर उभी केली. मी बाळूंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. खेळाडूची कीर्ती हे मोठे भांडवल असते. समाजाने ते जपले नाही तर दुसरा कोणी ते वापरतो, एवढेच ह्यातून शिकायचे आहे.

महाविद्यालयांचे काय? १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुका गेल्या. गुणांवर आणि नेमणुकीवर परिषदा उभ्या राहू लागल्या. तीत खेळाचा एक प्रतिनिधी असे. त्याला प्राचार्य नेमत. नेमलेला माणूस नेमणाऱ्याविरुद्ध किती बोलणार? २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. पण मधल्या दोन दशकांत वाढलेल्या खेळाडूंनी नेतृत्व म्हणजे नेमणूक एवढेच पाहिले. मी पाहिलेल्या परिषदांत खेळाचा प्रतिनिधी बक्षीस समारंभात हार आणून देत असे. वसतिगृहातील जेवणाचा, शिष्यवृत्तीच्या थकबाकीचा, खोलीसाठी नाकारलेल्या मुलाचा प्रश्न त्याने मांडावा, अशी अपेक्षाही कोणी केली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. 'समतोल' हा प्रश्न वेळापत्रकाचा म्हणून विचारला जातो आणि एकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारला जातो. ज्याचा प्रवेश बिनशर्त आहे त्याच्यापुरता तो वेळापत्रकाचा असेलही. ज्याच्या प्रवेशालाच अट जोडलेली आहे, त्याच्यापुढे खरा प्रश्न वेगळा असतो: मी बोललो तर माझे काय होईल, आणि तेव्हा माझ्यामागे कोण असेल? टॉमी स्मिथला वेळ काढता आला. धावण्याआड चळवळ आली नाही, चळवळीआड धावणे आले नाही; त्याने विश्वविक्रम चळवळीच्या भर मध्यावर केला. कमी पडला तो त्याच्यामागचा समाज.

ह्याचा अर्थ कार्यकर्त्यांनी काही कामे आपल्या अंगावर घेतली पाहिजेत, आणि ती फार मोठी नाहीत. शिबिराला किंवा स्पर्धेला गेलेल्या मुलीचे बुडलेले तास वसतिगृहातल्या अभ्यासमंडळाने भरून द्यावेत. हजेरीपायी तिची शिष्यवृत्ती अडली तर अर्ज घेऊन कार्यालयात तिच्याबरोबर शिक्षकाने उभे राहावे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा धावणाऱ्या मुलांच्या दुधा-अंड्यांसाठी बाजूला काढावा. मंडळाच्या बैठकीत खेळाडू मुलींना आधी बोलू द्यावे. पदवी अर्धवट सोडून कोणी खेळत असेल किंवा कोणी मोर्चे काढत असेल, तर दोघांनाही परीक्षेला बसवावे. आणि संघातून नाव कापण्याची धमकी एकाला मिळाली तर त्या दिवशी संघातील कोणीही मैदानावर उतरू नये.

आमच्या मुलामुलींनी जरूर धावावे. धावता धावता बोलावेही. बोलल्यावर त्यांची शिष्यवृत्ती थांबली, तर त्या रात्री त्यांच्या ताटात भाकरी कोणी वाढायची, ह्याचे उत्तर आपण आजच तयार ठेवले पाहिजे.